सुयुननं तोडलेला मांडव

सुयुन माझी शेजारीण. आमच्या डोंगरावर सगळे हुआंगल्येन लावतात. हळदीसारखं पिवळं, जहर कडू मूळ. अंगातली उष्णता काढायला वैद्य देतात. पण या रोपाला स्वतःला ऊन सोसत नाही. खांब रोवायचे, वर पाइनच्या फांद्या पसरून मांडव घालायचा आणि पाच वर्षं त्याखाली वाकून तण काढायचं. मग कुठे मूळ विकण्याजोगं होतं.

सुयुनचा नवरा थान शिलिन तोंडाळ आणि हट्टी. बायकोपेक्षा रोपांशीच जास्त बोलतोस, असं मी त्याला चिडवायचे.

"रोपं उलटून बोलत नाहीत, काकी," तो म्हणायचा.

"मग त्यांनाच सांग स्वयंपाक करायला," सुयुन आतून ओरडायची.

त्यांच्या मांडवाचं ते चौथं वर्ष होतं. त्या हिवाळ्यात बर्फ पडला तो थांबेचना. सकाळी शिलिन बांबू घेऊन मांडवावरचा बर्फ झाडायला गेला. थोड्या वेळानं मोठा कडकडाट झाला. सुयुन अनवाणीच धावली, मागून मी.

वरची अर्धी बाजू बसली होती. आडव्या लाकडांखालून शिलिनचा आवाज येत होता.

"पाय ठेवू नकोस तिथं! रोपं आहेत!"

"गप्प बस!" सुयुन म्हणाली.

आम्ही दोघींनी लाकूड उचलायचा प्रयत्न केला, पण ते हलेना. सगळ्या मांडवाची लाकडं वेलींनी एकमेकांना बांधलेली. उभी राहिलेली बाजू पडलेल्या बाजूला धरून होती. खाली शिलिनचा श्वास घरघरायला लागला. सुयुननं कोयता घेतला.

"सुयुन, नको! उरलेलं तरी राहू दे," तो खालून म्हणाला. "माणसं बोलव."

बोलवायचं कुणाला? प्रत्येकाचा मांडव कोसळत होता, जो तो आपापल्या उतारावर होता. ती वेली तोडत गेली, मग खांबांवर घाव घालायला लागली. घाव घालताना मोठ्यानं रडत होती. उभी बाजू खाली घसरली, चार वर्षांची रोपं चिरडत गेली. तेव्हा कुठे शिलिनवरचं लाकूड सुटलं.

तो वाचला. पण कमरेखाली जीव उरला नाही. जिल्ह्याच्या दवाखान्यातून परत आणला तो माणसाच्या पाठीवर वाहायच्या खुर्चीत बांधून.

वसंतात ऊन आलं. सुयुननं एकटीनं जमतील तेवढ्या फांद्या रोपांवर टाकल्या, मीही हात लावला. पण पानं करपली. घरात शिलिन भिंतीकडे तोंड करून पडायचा. ती मक्याची पेज भरवायला गेली की ओठ घट्ट मिटायचा.

एकदा मी तिथंच होते. तो म्हणाला, "मला ठेवायचं होतंस खाली. आता ना मी कामाचा, ना मळा."

सुयुननं वाटी खाली आपटली. "हो ना! तुला पुरायचं आणि मुळं खणायची! जाऊन विचार त्या तुझ्या लाडक्या रोपांना, कोण धुतं तुझं हगणं!" आणि मग तिला बोलता येईना. चुलीपाशी बसून ती हुंदके देत राहिली. मी पेज पुसून घेतली.

शरदात उरलीसुरली मुळं तिनं वेळेआधीच खणली. सुतळीएवढी बारीक. विस्तवावर वाळवून एका सुपात आणून ओतली आणि कात्रीनं तंतू छाटत बसली. बारीक मुळं कात्रीतून सारखी निसटत होती.

"कात्री इकडे दे," शिलिन पलंगावरून म्हणाला.

तिनं दिली. तो कोपरावर टेकला, एक मूळ उचललं, उजेडात धरलं. "अंगच धरलं नाही यांनी."

"नाही."

तरी तो छाटत राहिला. सुयुननं पेज आणून शेजारी ठेवली आणि भरवायला न थांबता लाकडं आणायला बाहेर गेली. ती परतली तेव्हा वाटी अर्धी झाली होती.

पुढच्या वर्षी तिनं मांडव घातला नाही. मका लावते. कधी मध्येच उतारावर उभी राहून तोडलेल्या खांबांच्या काळ्या पडलेल्या खुंटांकडे बघते आणि मी हाक मारली तरी तिला ऐकू जात नाही.