दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा

मोशीच्या आमच्या घरात, बैठकीच्या खोलीतल्या भिंतीवर, माझ्या पत्नीचा एक फोटो होता. चाकणच्या आमच्या कारखान्यात खंडेनवमीला काढलेला. त्या दिवशी यंत्रांची पूजा होते, कामगारांच्या घरच्यांना आत येऊ देतात आणि प्रत्येक जण आपल्या माणसांना आपापल्या यंत्रापाशी उभे करून एक फोटो काढून घेतो. माझे काम तयार झालेले भाग मोजून तपासण्याचे. फोटोत पत्नी माझ्या मोजणीच्या यंत्रापाशी, झेंडूच्या माळेशेजारी उभी आहे आणि हसते आहे. ती अशी हसते हे मला ठाऊक होते. माझ्यासमोर अशी शेवटची कधी हसली, हे मात्र आठवत नव्हते.

तो फोटो माझ्या मित्राने काढला होता.

आम्ही दोघे एकाच वेळी कंपनीत लागलो आणि अजूनही एकाच बसने जातो. तो आकुर्डीचा, बौद्ध कुटुंबातला. वडीलही कारखान्यातच होते. पूजाअर्चा त्याच्या घरची नव्हे, त्यामुळे आमचे हात हळदकुंकवाने माखलेले असताना त्याचे मोकळे असत. कधीतरी कुणीतरी त्या मोकळ्या हातांत कॅमेरा दिला आणि पुढे ते कामच त्याचे होऊन गेले. त्याने स्वतःचा साधासा डीएसएलआर घेतला. खंडेनवमीला आलेली इतरांची बायकामुले आम्हाला ओळखत नसत, त्याला ओळखत.

घरी पाहुणे आले की भिंतीकडे बघून विचारायचे, ‘‘हा कुणी काढला?’’

‘‘भावजींनी. काय हात आहे हो त्यांचा!’’ पत्नी म्हणायची आणि मी चहाचा कप उगाच फिरवत बसायचो.

एका रविवारी मी त्या फोटोसमोर उभा राहिलो आणि भागातला दोष शोधावा तसे त्यातले दोष शोधले. मागचा खांब तिरपा होता. माळेचे टोक कापले गेले होते. मी ते पत्नीला दाखवलेही.

‘‘असेल,’’ ती म्हणाली. ‘‘पण त्यात मी माझ्यासारखी दिसते.’’

त्याच दिवशी मी ठरवले की कॅमेरा घ्यायचा. तिचा एक फोटो मी स्वतः काढायचा आणि भिंतीवरचा उतरवून त्या जागी तो लावायचा. छंद वगैरे ही नंतर लोकांना सांगायची कारणे होती.

बसमध्ये मोबाइलवर मी कॅमेऱ्यांची तुलना करणारे व्हिडिओ बघत असे. एकदा मित्राने वाकून पाहिले.

‘‘काय राव, आमच्या पोटावर पाय?’’ आणि मग उत्साहाने, ‘‘ऐक. पहिलाच घेतोयस ना? सगळ्यांत स्वस्त बॉडी घे. पैसे वाचतील ते लेन्सवर घाल. पन्नास एमएमची एक साधी लेन्स मिळते, उजेड जास्त घेते, ती घे. आपल्या शेडमध्ये उजेड कुठाय? आणि माझ्याच कंपनीचा घे म्हणजे माझ्या लेन्सही तुला चालतील.’’

सल्ला नेमका होता, आणि म्हणूनच मला तो नको होता. त्याच्याच कंपनीचा कॅमेरा गळ्यात अडकवून मी शेडमध्ये फिरलो असतो, तर सगळे म्हणाले असते, याने त्याचे पाहून घेतला. मी ‘बघू’ म्हणालो आणि खिडकीबाहेर पाहिले.

चिंचवडच्या दुकानातल्या मुलीने प्रामाणिकपणे सांगितले, ‘‘काका, आता बरेच जण नवे मिररलेस कॅमेरे घेतात. पण बजेटमध्ये शिकायचं असेल तर डीएसएलआर अजून चांगलाय. हे सुरुवातीचं मॉडेल घ्या, सोबत एक उजेड जास्त घेणारी लेन्स घ्या.’’

म्हणजे तिनेही तेच सांगितले. मी मात्र दोन्ही कंपन्यांची माहितीपत्रके समोर ठेवली आणि आयुष्यभर जे केले तेच केले: आकडे तपासले. ज्याचे मेगापिक्सल मित्राच्या कॅमेऱ्याहून जास्त, तो दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा मी उचलला. कॅमेऱ्यासाठी ठेवलेल्या बोनसमधले जे लेन्सला उरायचे, ते त्या आकड्यात गेले. लेन्स सोबत मिळाली तीच.

खंडेनवमी आली. पत्नी नवी साडी नेसून माझ्या यंत्रापाशी उभी राहिली. मी तिला म्हणालो, ‘‘हलू नकोस.’’ मग, ‘‘हनुवटी थोडी वर.’’ मग, ‘‘तेवढी नको.’’

‘‘अहो, आधार कार्डाचा काढताय का?’’ ती म्हणाली. आजूबाजूच्या बायका हसल्या. तीही हसली, पण तोवर माझे बटण दाबून झाले होते आणि पुढच्या फोटोसाठी मी पुन्हा म्हणालो, ‘‘हलू नकोस.’’

मागच्या पडद्यावर पाहिले. पत्र्याच्या शेडमधल्या अपुऱ्या उजेडात कॅमेऱ्याचे शटर फार वेळ उघडे राहत होते. यंत्र स्थिर, म्हणून यंत्र अप्रतिम आले होते; त्यावरचा तपासणीचा शिक्का वाचता येत होता. पत्नीच्या चेहऱ्याच्या जागी एक पुसट डाग होता. मी एकामागून एक फोटो काढले. प्रत्येकात यंत्र उत्तम होते.

मित्र कधी मागे येऊन उभा राहिला कळले नाही. त्याने माझा पडदा पाहिला आणि आपल्या कॅमेऱ्यावरची पन्नासची लेन्स काढून माझ्या हातात ठेवली.

‘‘ही लाव.’’

मी लावू लागलो. ती बसेना. फिरवून पाहिली, तरी बसेना. बसणारच नव्हती; एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याला तशी बसत नाही, हे दुकानात मला सांगितले होते आणि तेव्हा ते ऐकून मला उलट बरे वाटले होते. दिवसभर भाग एकमेकांत बसतात की नाही हे तपासणारा मी ती लेन्स हातात घेऊन सर्वांसमोर उभा होतो.

‘‘अरे हो, तुझा वेगळा,’’ तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा मी शोधला. सापडला असता तर सोपे झाले असते. त्याने लेन्स परत बसवली आणि आपला कॅमेराच माझ्या गळ्यात घातला. ‘‘मग हा घे. वहिनींचा तूच काढ.’’

नको म्हणावेसे वाटले. पण पत्नी वाट पाहत होती, म्हणून मी डोळा लावला. या वेळी ‘हलू नकोस’ म्हणालो नाही. म्हणायला तोंडच उरले नव्हते. तेवढ्यात मित्र माझ्या खांद्यामागून म्हणाला, ‘‘वहिनी, साहेबांचा हात बघा कसा थरथरतोय. माल रिजेक्ट करताना नाही थरथरत!’’

ती हसली. मी बटण दाबले.

आता भिंतीवर तो फोटो आहे. जुना उतरवून पत्नीनेच तो लावला. पाहुण्यांनी विचारले की ती सांगते, ‘‘यांनी काढलाय.’’ मी मान हलवतो. कॅमेरा त्याचा होता, लेन्स त्याची होती, ती हसली तीही त्याच्या बोलण्याला, यातले काहीही मी सांगत नाही. फोटो अगदी जवळून पाहिला तर तिची नजर कॅमेऱ्याच्या किंचित वर, माझ्या खांद्यामागे गेलेली दिसते. मी तो जवळून बऱ्याचदा पाहिला आहे.

दिवाळीत मित्र फराळाला आला. फोटोसमोर बराच वेळ थांबला. आता तो बोलेल, निदान हसेल, अशी मी वाट पाहत राहिलो.

‘‘छान आलाय, राव,’’ तो म्हणाला आणि चकलीची ताटली स्वतःकडे ओढली.

तो चकली मोडत होता. मी त्याला विचारले, माझ्या कॅमेऱ्याला पन्नासची कोणती लेन्स बसेल.