सूनबाईचा बांध

बदलापूरहून बारवी धरणाकडे जाताना आमचं गाव लागतं. इथल्या भाताच्या प्रत्येक खाचराला नाव होतं. सातबाऱ्यावर नुसते आकडे, पण माणसांच्या तोंडी 'जांभळीखालचं', 'कोल्ह्याची पट्टी', 'भांडणाचं'. त्या शेवटच्यावरून दोन चुलतभावांनी जन्मभर अबोला धरला होता.

आता एकेका खाचरात भराव पडतोय. अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त होऊन गावी राहायला आलो, तेव्हा ठरवलं, ही सगळी नावं शाळेच्या भिंतीवर रंगवायची, आणि तीही गावदेवीच्या जत्रेआधी. लोक हसले. म्हणाले, उद्या इथं इमारती येतील, त्यांना बिल्डर ठेवील नावं. मी मुळात हट्टी, त्यात कोणी हसलं की जास्तच. दारोदार फिरून नावं गोळा केली.

अडलं ते आमच्याच खाचरापाशी. ओढ्याकाठचं ते खाचर मी गेल्या वर्षी विकलं. वडीलही त्याच कारखान्यात, त्यामुळे माझं लहानपण तिथल्या क्वार्टर्समध्ये गेलं, आईवडील ते नुसतं 'आपलं शेत' म्हणायचे. खरं नाव ठाऊक असलेली एकच व्यक्ती उरली होती, माझी चुलती. तिच्याकडे दोनदा गेलो. दोन्ही वेळा तिनं चहा पाजला, गुडघ्यांची कहाणी सांगितली आणि नावाचा विषय आला की चुलीकडे वळली.

तिसऱ्या खेपेला मी तिच्या ओटीवर ठाण मांडलं. नाव सांगितल्याशिवाय हलणार नाही म्हटलं. तिनं तांदूळ निवडून संपवले, सूप भिंतीला टेकवलं.

"इकलेल्या जमिनीचा नाव कशाला पायजे तुला?"

"भिंतीवर लिहायचंय, काकी."

तिनं पदराला हात पुसले.

"सूनबाईचा बांध बोलायचे त्याला. ओढ्याला पूर आला, बांध गेला. तुजा बाप ड्युटीवर. तुजी आय एकटी माती टाकत होती, तीन दिवस. तू पोटात होतास. तवापासून अख्खा गाव त्याला तसाच बोलायचा, आता ती मानसा नाय उरली."

मग खाली बघून म्हणाली, "तुला वाईट वाटंल म्हून नाय बोलले."

मला वाईट वाटलं नाही, लाज वाटली. आईनं हे कधी सांगितलं नव्हतं आणि मीही तिला कधी विचारलं नव्हतं. घरी येऊन जेवलो नाही. ते नाव गाळून टाकावं, असंही एकदा मनात आलं. यादी माझी, रंग माझा, कोण विचारणार होतं?

सकाळी रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन शाळेवर गेलो. सगळ्यात वर जागा सोडली होती, तिथं स्टुलावर चढून 'सूनबाईचा बांध' लिहिलं. इतर नावांपेक्षा मोठ्या अक्षरात.

जत्रेला आलेले पाहुणे भिंतीपाशी थांबतात, विचारतात, ही सूनबाई कोण? मी सांगतो, माझी आई. मग ते विचारतात, शेत आता कुठे आहे? तेही सांगतो. मी विकलं.