शांत हौदातले बारा रोहू

रिठदचे पुंजाजी वांगी पिकवतात आणि बोलतात. वांगी बाजारात खपतात, बोलणं खपत नाही. त्यांनी विहीर खोदली तेव्हा म्हणे सात खडक लागले. पण गावाला ती गोष्ट पहिल्या खडकापर्यंतच ठाऊक, कारण त्यापुढे कुणी थांबलेलंच नाही. मी स्वतः एकदा चपला हातात घेऊन सटकलो आहे. माणूस वाईट नाही हो. कुणीतरी एकदा आपलं शेवटपर्यंत ऐकावं, एवढीच त्यांची हौस.

त्यांची पुतणी तनुजा वाशीमला एम.एस्सी. करते. गोंगाटाने मासे घाबरतात का, हा तिचा प्रकल्प. पुंजाजींच्या मळ्यातल्या दोन हौदांत तिने बारा-बारा रोहू सोडले. एका हौदाशेजारी स्पीकरवर रोज दोन तास लग्नाचा बँड, दुसऱ्याशेजारी चिडीचूप. पंधरा दिवसांनी माशांचं रक्त काढून त्यातलं कॉर्टिसॉल, म्हणजे जीव घाबरला की वाढणारं हार्मोन, मोजायचं आणि दोन्ही गटांची सरासरी ताडून पाहायची. राखणीला पुंजाजी.

निकाल हातात पडला तशी तनुजा लॅपटॉप घेऊन थेट मळ्यात आली. शांत हौदाची सरासरी बँडवाल्या हौदाच्या दुप्पट निघाली होती. तिने तीनदा गणित केलं. एवढा फरक निव्वळ योगायोगाने पडायची शक्यता हजारात एकसुद्धा नव्हती. सोमवारी सरांना काय दाखवायचं, म्हणून पोरगी रडकुंडीला आली होती.

"मोठेबाबा, या शांत हौदापाशी कोन येत होतं?"

"कोनीच नाई. मीच बसत होतो."

"बसून काय करत होते?"

"तिकडं बँड वाजून राह्यला होता, बोलता येत नोतं. मंग इकडं बसून यायले इहिरीची गोष्ट सांगतली. रोज."

प्रत्येक खडक फुटताना त्यांनी हौदाच्या काठावर दणका दिला होता, हेही मग कळलं. रंगत यायला नको?

त्यांच्या पत्नी कस्तुराबाई तिथेच मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चाळीस वर्सं मी हेच सांगून राह्यली. आता कागदावर आलं."

तनुजाला रडता रडता हसू फुटलं. "सारं पुन्यांदा करा लागंल, मोठेबाबा. अन् या टायमाले तुमी इकडं फिरकू नका."

पुंजाजी तिकडे लक्षच देत नव्हते. ते लॅपटॉपवरच्या आलेखात शांत हौदाच्या उंच रेघेकडे बघत होते.

"म्हंजे माह्यं बोलनं त्याईच्या रक्तात उतरलं?"

"हो."

"बाराच्या बारा?"

"बाराच्या बारा."

पुंजाजींनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने डोळे पुसले. "मंग त्याईनं आयकलं," ते म्हणाले.