चकलीचा डबा आणि माझी जीभ

सगळ्यांत आधी आली ती इथल्याच हिनकल गावची कानडी चैत्रा, मग बाकीची पोरं. माझी नात कॉलेजात गुन्हेगारीशास्त्र शिकवते ना, परीक्षेच्या उजळणीला आज मुलं घरीच बोलावली होती. घर कसं भरलं हो! मी चौथी शिकलेली, तरी दारात उभी राहून ऐकत होते.

मध्येच चहाचं बघायला आत गेले, तर चैत्रा चकलीचा डबा ओढणीखाली लपवतेय. मी ओरडलेच, "एय कळ्ळी! चोरटी कुठली!"

पोरं खो खो हसली. नात म्हणाली, "अगं आजी, माणूस चोरी का करतो ते शिकवायला मीच तिला चोर केलं होतं. आणि पुढचा धडा हाच, की कुणाला चोर म्हणत राहिलं तर तो स्वतःला तसाच समजायला लागतो."

चैत्रा हसली नाही. चहाबरोबर चकली दिली, तर "बेडा अज्जी", नको आजी, म्हणून हात मागे घेतला. मीही माझी चकली परत डब्यात ठेवली.

मैत्रिणींनो, नुसती माफी मागू, की डबाच तिच्या हातात देऊन म्हणू, "तूच वाढ गं सगळ्यांना"?

रविवारी परत येतो म्हणून सगळी सांगून गेली. चैत्राने नुसती मान डोलावली.