दोन्हीतले एकदाच मोजा

टक्केवारी शिकवणाऱ्याच्या खिशात खडूचे तुकडे साठतात आणि डोक्यात किस्से. तुकडे झटकता येतात हो, किस्से जात नाहीत. तासगावात माझा स्पर्धा परीक्षेचा क्लास आहे. तिथं सगळ्यांना रडवणारं एकच गणित, एकमेकांत शिरलेल्या दोन वर्तुळांचं!

*

फळ्यावर लिहिलं, 'गावात ७० टक्के लोक चहा पितात, ५० टक्के कॉफी, ३० टक्के दोन्ही. काहीच न पिणारे किती?'

सत्तर आणि पन्नास एकशेवीस. दोन्ही पिणारे तीस त्यात दोनदा आले, म्हणून एकदा वजा. राहिले नव्वद. उत्तर दहा टक्के.

मागून इरफान उठला. "सर, शंभरातली दहा माणसं काहीच पीत न्हाईत? मग त्यांच्याकडं सोयरीक कशी जुळती?"

अख्खा वर्ग हसला. इरफानला मात्र खरंच काळजी वाटत होती.

*

पुढचं गणित नापासांचं. गणितात ४० टक्के नापास, इंग्रजीत ३०, दोन्हींत २०. तर पास किती?

प्रतीक्षानं उत्तर काढलं, तीस टक्के. मी म्हणालो, "अगं, दोन्हींत गेलेल्यांना तू दोनदा नापास केलंस की! माणूस एकदाच नापास होतो."

ती वर न बघता म्हणाली, "आमचा दादा दोन्हींत गेलाय, सर. घरात त्याला रोज दोनदा ऐकवत्यात."

त्या दिवशी मी तास लवकर सोडला.

*

मग आले माने. कवठे महांकाळकडचे, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. वर्गातली सगळी पोरं त्यांच्या निम्म्या वयाची. मी उभा असेपर्यंत हा माणूस बाकावर बसायचा नाही!

'६० टक्के घरांकडे द्राक्षबाग, ५० टक्के घरांकडे जनावरं, २० टक्के घरांकडे दोन्ही.' दोन्ही असलेली घरं वजा करायची ते विसरले आणि एकूण घरं लिहिली, ११० टक्के.

"माने, गाव शंभराच्या वर कसं गेलं?"

"सुट्टीवर आलेले धरलेत, सर!"

*

एकदा तास संपल्यावर मी विचारलं, "पुण्यात सिक्युरिटीची नोकरी तयार आहे म्हणता, मग या वयात ही डोकेफोड कशाला?"

"सर, इथं तलाठी झालो तर घरी राहता येईल. पोरगी धाव्वीला हाय. सायली. तिचं सगळं बालपण मी बॉर्डरवर काढलं. आता बोलती, पण लय अदबीनं. 'पप्पा, जेवलात का? काही हवंय का?' पाव्हण्याशी बोलावं तसं. हट्ट न्हाई, रुसवा न्हाई. पुण्याला गेलो तर पाव्हणाच ऱ्हाईन."

मी म्हणालो, "ही वर्तुळं तिला नववीत झालीत. तिच्याकडूनच शिका की!"

दुसऱ्या दिवशी माने पडेल चेहऱ्यानं आले. "शिकवलं, सर. मी सोडवलेलं बघून 'बरोबर आहे पप्पा' म्हणाली."

मी वही बघितली. उत्तर साफ चूक होतं.

"तिला कळलं नसेल," मी म्हणालो.

"कळलं हुतं, सर. चूक हाय म्हणायला तिला अवघड वाटलं."

मी म्हणालो, "सोडू नका. रोज बसा तिच्याजवळ." माने रोज बसत गेले.

*

तलाठी परीक्षेचा निकाल लागला. माने एका मार्कानं राहिले. आता पुणंच, असं मी मनाशी धरलं. वाईट वाटलं, फार वाईट.

सकाळी क्लास उघडतोय तोवर माने हजर, हातात पेढ्यांचा बॉक्स!

"काय हो, यादी बदलली?"

"न्हाई सर. नापासच."

"मग पेढे?"

"काल सायली माझी परीक्षेतली उत्तरं तपासाय बसली. वर्तुळाचं गणित चुकलेलं. दोन्हींतले परत दोनदा धरले हुते. तर पोरगी कडाडली, सर! 'एवढं घोकून घेतलं अन् तेच चुकवलं? डोकं कुठं ठेवलं हुतं, पप्पा? पुण्याला-बिण्याला काय जायचं न्हाई. परत फॉर्म भरा! जेवण झालं की वही घेऊन बसायचं, कारणं चालणार न्हाईत!' तिची आय मधी पडली, तर तिलाबी गप्प केलं."

मानेंनी बॉक्स पुढं केला.

"घ्या की, सर. दोन घ्या."