पेवातून आलेला करपल्या दुधाचा वास

माझ्या वर्गात भुताखेतांचा विषय निघाला की मी खडू उचलून फळ्यावर मेंदू काढायचो. ज्याला दिसलं, ऐकू आलं, वास आला, त्याचं उत्तर ह्याच्यातच शोधा, असं पोरांना सांगायचो. मेहकरच्या एका हायस्कूलमध्ये मी सायन्स शिकवत होतो. आज निवृत्त आहे, आणि मत अजूनही तेच आहे... फक्त ही एक गोष्ट त्यात कुठे बसवावी, ते मला कळत नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. गावाबाहेरच्या उतारावर माझी सायकल घसरली आणि डोक्याचा मागचा भाग दगडावर आपटला. जखम भरली, पण नाक गेलं. म्हणजे नाक जागेवर होतं, वास गेला. अकोल्याच्या डॉक्टरांनी नीट समजावलं – नाकाच्या अगदी वरच्या टोकाला नखाएवढी जागा असते, तिथून केसासारखे मज्जातंतू चाळणीसारख्या हाडातून मेंदूत जातात. जोराचा झटका बसला की ते तुटतात. तुमचे तुटलेत. आता आशा ठेवू नका.

चवही वासाबरोबर जाते, हे मी वर्गात शिकवतच होतो. पोरांना डोळे मिटून, नाक दाबून कांद्याची आणि बटाट्याची फोड द्यायचो. दोन्ही सारखीच लागायची. आता माझं रोजचं जेवण तसं झालं. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू कळायचं, पुढचं काही नाही. आंबा म्हणजे ओला गूळ. एकदा नासलेला वरणभात मी अर्धा संपवला, तेव्हा बायकोने ताट ओढून घेतलं आणि आत जाऊन रडली. दोन वर्षं अशी गेली.

बीबी गावाला माझी मोठी बहीण दिली होती. अक्का. तिच्या घरी ज्वारी पेवात ठेवायचे – जमिनीत खोल खणलेलं, वर अरुंद तोंड असलेलं धान्याचं कोठार. माणूस दोरीने आत उतरतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गेलो, तेव्हा नेमकं पेव काढायचं चाललं होतं. बंद पेवात वाईट हवा साठते, हे गावात सगळ्यांना ठाऊक, म्हणून दाजींनी ते आदल्या सकाळीच उघडून ठेवलं होतं. दुपारची जेवणं झाली, दाजींनी कमरेला दोर बांधला.

मी ओसरीवर पान लावत होतो. आणि मला वास आला... दूध करपल्याचा. पातेल्याच्या बुडाला लागून काळं झालेलं दूध. दोन वर्षांत पहिला वास! मी उठून थेट चुलीपाशी गेलो.

"अक्का, दूध लागलं का?"

"घरात दुधाचा थेंब नाही भाऊ. म्हैस आटली." मग ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुले वास येऊन राह्यला?"

चुलीपाशी मात्र काहीच नव्हतं. अंगणात आलो तर पुन्हा आला. पेवाच्या तोंडाशी वाकलो तर इतका उग्र, की डोळ्यांत पाणी आलं. दाजी पाय आत सोडून बसले होते.

"थांबा दाजी. आत काहीतरी करपलंय."

"आत कोण दूध तापवून राह्यलं मास्तर?" दाजी हसले. "कालपासून उघडं हाय. कोंदट वास येते, तो दरसालचाच."

मी तिथे असलेल्या सगळ्यांना विचारलं. करपल्याचा वास कुणालाच येत नव्हता. खरं सांगतो, दाजींचा जीव वाचवावा असं काही माझ्या मनात नव्हतं. माझं नाक परत आलं का, एवढंच मला बघायचं होतं. आत काय जळतंय ते दिसावं म्हणून मी कंदील पेटवून आणायला लावला आणि दोरीने खाली सोडला.

पुरुषभर खाली गेला आणि विझला. वर काढून पेटवला, पुन्हा सोडला. तिथेच विझला.

दाजींनी पाय वर घेतले आणि कमरेची गाठ सोडू लागले. ती त्यांना सुटेना, अक्काने सोडली.

पुढे बरेच दिवस पेव उघडं ठेवून, हवा घालून, कंदील तळाला जळत राहिला तेव्हाच माणूस उतरला. तळाची ज्वारी पाणी झिरपून काळी पडली होती, आंबत होती. आंबताना कार्बन डायऑक्साइड निघतो, जड असतो, तळाशी साठत राहतो. हे मी शिकवलेलंच होतं. पण त्याला करपल्या दुधाचा वास नसतो. मुळात त्याला वासच नसतो.

अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, तुटलेले तंतू कधीकधी खोटा वास देतात, बहुतेकदा जळल्याचाच. मला ते पटतं. पण खोटा वास चुलीपाशी नाहीसा होऊन पेवाच्या तोंडाशी वाढेल कशाला? त्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि प्रवास कसा झाला ते विचारलं.

कंदील विझला त्याच संध्याकाळी अक्काने मुद्दाम हिंगाची फोडणी दिली होती. मी पातेल्यावर वाकलो. ती पदर हातात धरून उभी होती.

"येते?"

मी मान हलवली. नाही.

त्यानंतर आजपर्यंत मला कसलाही वास आलेला नाही. दाजी असेपर्यंत पेव उघडायचं ठरलं की त्यांचा निरोप यायचा, आणि मी जायचो. तोंडाशी बसायचो, श्वास घ्यायचो, काही येत नाही म्हणून सांगायचो. आणि दर वेळी बजावायचो – दाजी, माझ्या नाकावर जाऊ नका, आधी कंदील सोडा.