चढणाऱ्याची वाट

राग उतरला की लिहायचं असं ठरवलं होतं. तो उतरत नाही, म्हणून आता लिहितो.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्या दिवशी पुण्यात माझी शेवटची तोंडी परीक्षा होती. मळवलीची लोकल गाठायला आबा, म्हणजे माझे वडील, मला लोहगडवाडीहून आमच्या छोट्या हॅचबॅकमधून सोडायला निघाले. याच गाडीतून ते पर्यटकांची ने-आण करतात, आईच्या स्टॉलचं पीठ आणि कांदेही आणतात. तिचं इंजिन शिलाई मशीनसारखं वाजतं. पण घाटातलं कुठलंही वळण ती एका दमात घेते.

खालून गडगडाट ऐकू आला आणि आबांनी वळणाच्या अलीकडेच गाडी थांबवली. आमच्याकडे घाटात चढणाऱ्याला आधी वाट देतात. वर आली ती एक जुनी, दांडग्या इंजिनाची अमेरिकन मसल कार. लालभडक, बाजेएवढं लांब बॉनेट. असली गाडी मी फक्त मोबाईलवर पाहिली होती. खरं सांगतो, क्षणभर मीही बघतच राहिलो.

वळण तिला एका दमात बसेना. ती मागेपुढे झाली आणि रस्त्यात आडवी होऊन बंद पडली. बॉनेटमधून वाफ निघू लागली. आतले तिघे उतरले आणि वाफेसकट व्हिडिओ काढू लागले.

मी चाचरत म्हणालो, "सर, माझी परीक्षा आहे. गाडी जरा बाजूला..."

मालकाने आमच्या हॅचबॅककडे पाहिलं. "अरे, बघून घे. तुमच्या या डब्यातून फिरताना अशी गाडी परत दिसणार आहे का?"

बाकीचे दोघे हसले.

आबा मात्र दोन दगड घेऊन खाली गेले. "सायेब, तुमी ब्रेक हळूहळू सोडा. मी चाकामागं दगड लावतो." गाडी वीतभर मागे, की दगड. पुन्हा वीतभर. मी इस्त्रीच्या शर्टात पुढून ढकलत होतो.

"ए, बॉनेटला नको! ओरिजिनल पेंट आहे!"

शेवटी गाडी कडेला लागली. आभार नाहीत, काही नाही. आम्ही निघालो, तर आबा थोडं खाली जाऊन पुन्हा थांबले आणि उतरले.

"आता काय आबा?"

"दगड ऱ्हायलं रस्त्यात."

"राहू द्या ना! त्यांच्या गाडीचे दगड, ते उचलतील!"

"त्यांना काय म्हाईत? मागनं दुचाकीवाला आला तर पडंल की."

ते दोन्ही दगड उचलून येईपर्यंत मी दात खात बसलो. मळवलीला पोचलो तर लोकल सुटत होती.

आबांनी गाडी तशीच हायवेला घातली. कामशेतला लोकल निघून गेली होती, तळेगावलाही. तो डबा म्हणे! त्या डब्याने बेगडेवाडीला लोकलच्या आधी पोचवलं. गुडघ्याएवढं इंजिन, पण वाफ नाही, गडगडाट नाही, कोणी बघायलाही नाही.

लोकल फलाटात शिरत होती. ती गाडी ढकलून माझे हात अजून काळे होते. आबा काच खाली करून ओरडले, "बाळा, त्या गाडीचा फोटू काढलास का? कसली गाडी हुती रं!"

मी लोकलमध्ये चढलो आणि ते काळे हात नव्या शर्टालाच पुसले.